चेक इंजिनचा दिवा पेटलाय आणि पीयूसी संपत आलीय, मग आधी काय करायचं?

मुंबईहून निघालेली गाडी माणगाव मागं टाकून महाडजवळ येते. बाहेर पावसाची रिपरिप सुरू असते आणि तेवढ्यात मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. गाडी तर नीट चालतेय, गरमही झालेली नाही. पण मोबाईलवर कागदपत्रं बघितली तर पीयूसी परवा संपतेय. आणि पुढचा रस्ता पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने थेट महाबळेश्वरला.

अशा वेळी तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "चालव बिनधास्त, काही होत नाही." दुसरा, "बॅटरीची वायर काढून परत लाव, दिवा जातो." तिसरा, "दिवा पेटलेला असला की पीयूसी निघतच नाही."

तिन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि त्यातला दुसरा तर खिशाला महागात पडू शकतो. ते कसं, तर आधी दिवा आणि पीयूसी या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात.

दिवा नेमकं काय सांगतो?

आजच्या गाडीत इंजिनवर लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर, हवा मोजणारा सेन्सर, इंजिनचं तापमान, प्रत्येक सिलिंडरमधला स्फोट, या सगळ्याची माहिती त्याच्याकडे येते. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो बिघाडाचा कोड साठवतो आणि दिवा पेटवतो. या यंत्रणेला ओबीडी म्हणतात. भारतात बीएस-4 गाड्यांना ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि 2013 पासून तिचा पुढचा, जास्त कडक टप्पा आला.

थोडक्यात, दिवा म्हणजे "धुरावर परिणाम होईल असं काहीतरी बिघडलंय" हा इशारा. काय बिघडलंय ते दिव्यावरून कळत नाही. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो.

मग पीयूसीत काय तपासतात?

पीयूसी सेंटरवाला दिव्याकडे बघत नाही आणि ओबीडीच्या सॉकेटला काही लावतही नाही. तो सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि बाहेर पडणारा वायू मोजतो.

बीएस-4 आणि त्यापुढच्या पेट्रोल कारसाठी इंजिन आयडलिंगवर असताना कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. त्यानंतर इंजिन 2500 आरपीएमच्या आसपास धरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे लॅम्डा, बघितला जातो. तो 0.97 ते 1.03 मध्ये असावा लागतो. डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती दाट आहे ते मोजतात.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे 1996 नंतरच्या गाड्यांची बऱ्याच राज्यांत ओबीडीवरच तपासणी होते आणि दिवा पेटलेला असेल तर गाडी थेट नापास. आपल्याकडे फिरणारे बरेच व्हिडिओ तिथल्या नियमांवर बेतलेले असतात. "पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल" हा प्रसिद्ध उपायही तिथलाच. तिथल्या गाड्यांना टाकीतल्या वाफेची गळती पकडावी लागते. भारतातले नियम युरोपच्या धर्तीचे आहेत, त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांत सैल झाकणामुळे दिवा लागत नाही.

म्हणजे दिवा असताना पीयूसी निघू शकते? हो, निघू शकते. पण निघाली म्हणजे गाडी ठणठणीत आहे असं नाही. पीयूसी ही उभ्या गाडीची काही मिनिटांची तपासणी आहे. घाट चढताना, लोड आल्यावर होणारा बिघाड तिथे दिसेलच असं नाही.

कोणता बिघाड पीयूसी अडवतो?

पी-0300 हा कोड मिसफायरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी "मिसिंग करतेय". स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब झाली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो.

पी-0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. कुठेतरी पाइप फाटलेला असतो किंवा हवेचा सेन्सर मळलेला असतो.

पी-0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. पण हा कोड आला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलायचा नसतो. आधी ऑक्सिजन सेन्सर आणि पाइपची गळती तपासायची असते.

महाड-पोलादपूरच्या हवेचाही यात वाटा आहे. चार महिन्यांच्या दमट हवेत सायलेन्सर गंजतो. त्याला भोक पडलं की बाहेरची हवा आत शिरते, इंजिन चांगलं असूनही लॅम्डा चुकतो आणि पीयूसी अडते. पावसात कॉइलमध्ये ओल शिरते, उबेला बॉनेटखाली आलेले उंदीर वायर कुरतडतात. जुलै 2021 मध्ये सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत गाळाचं पाणी कनेक्टरमध्ये राहिलं तर गंज महिन्यांनंतरही त्रास देतो. जुनी गाडी घेताना ती पुरात होती का, हे म्हणून विचारावं लागतं.

घाटात शिरण्याआधी एवढं बघा

दिवा स्थिर असेल आणि गाडीचं पिकअप नेहमीसारखं असेल, तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र विषय गंभीर आहे. तो बहुतेक वेळा जोरदार मिसफायरचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, कन्व्हर्टर भयंकर तापतो आणि आतून वितळू शकतो. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा खर्च असा ओढवतो.

त्यात आंबेनळी म्हणजे पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटरची वळणं आणि चढ. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ओढताना मिसफायर सगळ्यात जास्त बळावतो. कॉम्प्युटरने इंजिन वाचवायला ताकद कमी केली तर वळणावरच गाडी दम सोडते. धुक्यात आणि पावसात तिथे अडकणं म्हणजे मागून येणाऱ्या एसटीलाही धोका. म्हणून लुकलुकता दिवा असेल तर घाट नको, गाडी बाजूला घेऊन मेकॅनिकला बोलावणं बरं. आणि ऑइल किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करायचं.

बॅटरीची वायर काढली तर?

दिवा जातो, बिघाड जात नाही. उलट बिघाड झाला तेव्हा वेग, तापमान, लोड किती होता याची नोंदही त्यासोबत पुसली जाते आणि मेकॅनिकला अंधारात चाचपडावं लागतं. शिवाय कॉम्प्युटरने शिकून ठेवलेली मिश्रणाची जुळणीही पुसली जाऊ शकते. तशीच गाडी लगेच पीयूसीला नेली तर आकडे बिघडण्याचीच शक्यता. बिघाड खरोखर दुरुस्त झाला असेल, तर साधारण तीन फेऱ्या बिनबिघाड झाल्यावर दिवा आपोआप विझतो.

क्रम असा ठेवा

1. स्कॅनर लावून कोड वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि मगच दुरुस्ती करा.
2. एअर फिल्टर, प्लग, इंजिन ऑइल आणि सायलेन्सरची गळती बघून घ्या.
3. दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. दिवा परत येतो का बघा.
4. पीयूसीला जाण्याआधी गाडी 15-20 मिनिटं चालवा. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, त्यामुळे चांगली गाडीही नापास होऊ शकते.
5. नापास झालीच तर कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप मागून घ्या. 2021 च्या नव्या नमुन्यात तिची तरतूद आहे. ती मेकॅनिकला दाखवली की अर्धं काम होतं.

पीयूसीची मुदत बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांसाठी एक वर्ष, त्याहून जुन्यांसाठी सहा महिने असते. ती नसेल तर मोटार वाहन कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघण्यात अर्थ नाही. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी गाडी दाखवली, तर दुरुस्तीला वेळ मिळतो आणि वायर काढून दिवा घालवायचा मोहही होत नाही.

पीयूसीचा कागद पोलिसाला दाखवायला लागतो. आंबेनळीच्या चढाला मात्र इंजिनच धड लागतं.