रोजकीर्द जुनी, नियम नवा

दुकानदाराच्या हिशेबात दोन वह्या महत्त्वाच्या. रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे तारीखवार लिहिले जातात, तर खतावणीत प्रत्येक खात्याची बाकी पाहायला मिळते. समजा, खतावणी पावसात भिजून गेली. रोजकीर्द शाबूत असेल तर पहिल्या नोंदीपासून एकेक व्यवहार पुन्हा मांडत खतावणी नव्याने तयार करता येईल. उलट मात्र जमणार नाही. नुसत्या बाकीवरून व्यवहार कळत नाहीत.

संगणकात माहिती टिकवून ठेवण्यासाठी हीच युक्ती वापरतात. संगणकाची कामाची स्मृती अतिशय वेगवान असते, पण वीज गेली की ती कोरी होते. म्हणून जे टिकवायचे ते तबकडीवर लिहावे लागते. हॅस्केल या संगणकभाषेसाठी 'अ‍ॅसिड-स्टेट' नावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच, आहे. तिच्यात सगळी माहिती कामाच्या स्मृतीतच राहते. ही झाली खतावणी. तबकडीवर लिहिली जाते ती रोजकीर्द: कोणता बदल करायला सांगितले आणि त्यासाठी कोणत्या संख्या किंवा शब्द दिले. ही नोंद तबकडीवर पक्की झाल्याखेरीज बदल पूर्ण झाला असे कळवले जात नाही. संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला की नोंदी क्रमाने वाचून सर्व बदल पुन्हा केले जातात आणि माहिती जशीच्या तशी उभी राहते.

पण उत्तर दरवेळी तेच येईल याची खात्री काय? इथे हॅस्केलचा स्वभाव उपयोगी पडतो. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव मिळालेल्या या भाषेचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. ती 'फंक्शनल', म्हणजे गणितातल्या फलांवर आधारलेली भाषा आहे. फ(क्ष) = क्ष² असेल तर फ(३) सोमवारीही ९ आणि शुक्रवारीही ९. घड्याळ पाहणे, फासे टाकणे अशा गोष्टींना शुद्ध फलात जागा नाही. त्यामुळे त्याच नोंदींवर तीच फले पुन्हा चालवली तर उत्तर तेच येते.

या वाक्यातील 'तीच फले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक उदाहरण घेऊ. एका शाळेचा निकाल अशा आज्ञावलीत ठेवला आहे. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण हवेत. एका विद्यार्थ्याची सरासरी ३४.५ आली. 'अर्धा किंवा अधिक असेल तर वरचा पूर्णांक घ्या' या नियमाने निकालात ३५ आले. मुलगा उत्तीर्ण. रोजकीर्दीत मात्र ३४.५ हीच संख्या आहे, कारण तिथे फलाला दिलेली संख्या लिहिली जाते, उत्तर नाही.

पुढे आज्ञावलीत किरकोळ सुधारणा झाली. पूर्णांक काढण्याचा स्वतः लिहिलेला भाग काढून हॅस्केलमधील 'राउंड' हे तयार फल वापरले. हे फल बरोबर मध्यावरच्या संख्येला जवळच्या सम संख्येकडे नेते. म्हणजे ३५.५ चे ३६ होतात, पण ३४.५ चे ३४! नवी आज्ञावली सुरू होताना जुनी रोजकीर्द पुन्हा वाचली गेली आणि गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेला मुलगा अनुत्तीर्ण ठरला. कोणी काही खोडले नाही, तबकडी बिघडली नाही, चूक झाल्याची सूचनाही आली नाही. नियम बदलला तो पुढच्या निकालांसाठी, पण त्याने मागचा निकालही बदलला.

यावरचा उपायही हिशेबनिसांना जुनाच आहे. वर्षअखेरीस बाकी काढून ती नव्या वहीत 'मागील बाकी' म्हणून ओढतात. अ‍ॅसिड-स्टेटमध्ये याला चेकपॉइंट म्हणतात. त्या क्षणाची सगळी माहिती, उत्तरांसकट, तबकडीवर उतरवली जाते. त्यानंतर सुरुवात तिथून होते, आधीच्या नोंदी पुन्हा चालवाव्या लागत नाहीत. म्हणून आज्ञावली बदलण्यापूर्वी, जुनीच चालू असताना, चेकपॉइंट घ्यायचा.

बदल माहितीच्या आकारातही होतो. पूर्वी विद्यार्थ्याचे नाव व गुण एवढेच होते; आता जन्मतारीखही हवी. यासाठी 'सेफकॉपी' नावाची जोडीची लायब्ररी आहे. ती साठवलेल्या माहितीआधी तिच्या आकाराचा आवृत्ती क्रमांक लिहिते. जुना क्रमांक दिसला की जुन्या आकारातून नवा आकार तयार करणारे फल वापरले जाते. ते फल आज्ञावली लिहिणाऱ्याने द्यायचे असते. जुन्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखेच्या जागी काय ठेवायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर दहा अपूर्णांकी गुण लिहा, त्यांत ३४.५, ३५.५ आणि ३६.५ असू द्या. एका गटाला पहिला नियम द्या, दुसऱ्याला सम संख्येचा. दोन्ही गटांचे पूर्णांक शेजारी मांडा आणि कोणत्या ओळींत फरक पडला ते मुलांनाच शोधू द्या. मग विचारा: निकाल आधीच जाहीर झाला असेल, तर नवा नियम कोणत्या ओळीपासून लावावा? नोंदवही सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो माणूस असो वा आज्ञावली, या प्रश्नाचे उत्तर सुधारणा करण्याआधीच ठरवावे लागते.