काडतुसातील दारूची निवड

बंदुकीचा बार उडाला की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, आणि मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. अमेरिकेतील अनेक हौशी नेमबाज या पुंगळ्या जपून ठेवतात. त्यांत नवा प्रायमर, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून ते काडतूस घरीच पुन्हा सिद्ध करतात. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. तेथे मात्र हा काटकसरीचा छंद चांगलाच रुजलेला आहे. या छंदात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की दारू कोणती घ्यावी?

दारू म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू फार जुनी. 1884 मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू तयार केली. या दारूचा विशेष असा, की भोवतीचा दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून कणांचा आकार व त्यांवरील लेप बदलून कारखानदार तिचा ज्वलनवेग ठरवून देतात. आखूड नळीच्या पिस्तुलाला शीघ्र जळणारी दारू लागते, तर रायफलीला सावकाश जळणारी. रायफलीच्या पुंगळीत चुकून पिस्तुलाची दारू भरली गेली, तर रायफलच फुटण्याचा संभव असतो.

आता खर्चाचा हिशेब पाहू. एका पौंडात 7000 ग्रेन असतात. पिस्तुलाच्या एका काडतुसाला 4 ग्रेन दारू लागली, तर पौंडभर दारूत 1750 काडतुसे होतात. रायफलीच्या काडतुसाला 50 ग्रेन लागली, तर 140 च. तेव्हा डब्यावरची किंमत पाहून भागत नाही. एका बारामागे किती खर्च येतो हे पाहावे लागते. या हिशेबाने थोडक्यात काम भागविणारी दारू सर्वांत स्वस्त ठरते.

परंतु धोका नेमका येथेच दडलेला असतो. ही चिमूटभर दारू पुंगळीचा तळ जेमतेम झाकते. हात चुकून तीच पुंगळी दुसऱ्यांदा भरली गेली, तरी वरून सहज उमगत नाही. जी दारू पुंगळीची अर्ध्याहून अधिक जागा व्यापते, ती थोडी अधिक खर्ची पडते. पण दुसरे माप ओतताच ती काठावरून सांडते आणि चूक आपोआप उघडी पडते. हा जादा खर्च म्हणजे जणू पहारेकऱ्याचे वेतनच होय.

दुसरा मोह शिलकी मालाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची उरलेली दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी विकत घेतली आणि हौशी नेमबाजांना अल्प दरात विकली. तीतली 4831 क्रमांकाची दारू विशेष लोकप्रिय झाली. पुढे 1973 मध्ये ड्यू पाँ कंपनीने आय.एम.आर. 4831 ही दारू बाजारात आणली. आकडा तोच, पण ही नवी दारू अधिक शीघ्र जळणारी. एकीसाठी दिलेले प्रमाण दुसरीला लावणे घातक. केवळ आकड्यावर विसंबणे जेथे असे धोक्याचे, तेथे चिठ्ठी निघालेल्या डब्यातील दारू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती कोणत्या जातीची आहे हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

दारू जुनी होते, तशी बिघडतेही. नायट्रोसेल्युलोजचे विघटन होऊ लागले की डब्यातून आम्लाचा उग्र दर्प येतो, तांबूस धूर दिसतो. अशी दारू फुकट मिळाली तरी महागच.

पुंगळी जपली, तेव्हाच काटकसर बहुतेक साधलेली असते. दारू मात्र ओळखीची, ताजी, आणि कारखानदाराने छापलेल्या प्रमाणातच घ्यावी. कारण बार उडतो तेव्हा नेमबाजाचा गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला असतो.