मसाल्यांतील प्रथिने आणि अन्नताळेबंदाचा आकडा : पनवेलच्या आहाराच्या संदर्भात

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना प्रत्येक देशाच्या अन्नपुरवठ्याचा वार्षिक ताळेबंद मांडते. त्यात धान्ये, कडधान्ये, मासे, दूध यांच्या पंक्तीला मसाल्यांचाही एक स्वतंत्र रकाना असतो, आणि त्यापासून दरडोई दररोज किती ग्रॅम प्रथिने मिळतात हेही त्यापुढे नोंदविलेले असते. ही मालिका १९६१ पासून उपलब्ध असल्याने तिच्यावरून आलेख काढून भारतीय आहाराविषयी अनुमाने करण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. तथापि हा आकडा कोणत्या क्रियेतून निष्पन्न होतो, याची फोड केल्याशिवाय त्याच्या चढउतारास अर्थ देता येत नाही.

ताळेबंदातील पुरवठा कोणी मोजलेला नसतो. तो शिल्लक म्हणून उरलेला असतो. उत्पादनात आयात मिळवावयाची, साठ्यातील फरक हिशेबात घ्यावयाचा, निर्यात, बियाणे व साठवणवाहतुकीतील नासाडी वजा करावयाची, आणि जे उरेल त्यास लोकसंख्येने व वर्षाच्या दिवसांनी भागावयाचे. त्यामुळे मिरची किंवा धणे यांच्या उत्पादनाचा अंदाज चुकला तर ती सारी चूक या शिलकीत येऊन बसते. शिवाय ताटाच्या कडेला काढून ठेवलेले तमालपत्र, दालचिनीचा तुकडा व लवंग हीही या हिशेबात खाल्लेलीच ठरतात.

मालिकेतील एक सांधाही ध्यानात ठेवावा लागतो. जुन्या पद्धतीची मालिका २०१३ पर्यंत येऊन थांबते. नव्या पद्धतीची २०१० पासून सुरू होते. दोहोंस जोडून एक सलग रेषा ओढणे युक्त नव्हे. वर्गीकरणाचे घोळ तर याहून अधिक आहेत. लसूण भारताच्या मसाला मंडळाच्या उत्पादन-आकड्यांत मसाला असतो, आंतरराष्ट्रीय ताळेबंदात मात्र भाजी. मोहरी तेथे तेलबियांत जाते. आले मात्र मसाल्यांतच राहते. या कारणाने मंडळाचे आकडे व ताळेबंदाचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना बहुधा फसवी ठरते.

पुरवठ्याच्या वजनास प्रथिनांच्या प्रमाणाने गुणले जाते, आणि येथे रसायनशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. कुन्नूर येथे आयक्रॉईड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये प्रथम सारणीबद्ध केली. पुढे गोपालन व सहकाऱ्यांनी हैदराबादहून प्रसिद्ध केलेल्या सारणीनुसार शंभर ग्रॅम वाळलेल्या मिरचीत १५.९ ग्रॅम, धण्यांत १४.१, जिऱ्यात १८.७, मेथीदाण्यांत २६.२, मिऱ्यांत ११.५ आणि हळदीत ६.३ ग्रॅम प्रथिने आढळतात. २०१७ च्या नव्या सारणीत मिरची, धणे व जिरे यांचे आकडे खाली आले आहेत. म्हणजे घरोघरचा मसाला तोच राहूनही, केवळ सारणी बदलल्याने प्रथिनांची रेषा उतरलेली दिसू शकते.

मुळात ही ‘प्रथिने’ प्रत्यक्ष मोजलेली नसून नत्राचे प्रमाण काढून त्यास ६.२५ ने गुणलेले असते. गहू-तांदळाच्या बाबतीत या रूढीने फारसे बिघडत नाही. मसाल्यांत मात्र तिखटपणा व कडवटपणा देणारी अनेक द्रव्ये स्वतःच नत्रयुक्त असतात. मिऱ्यांतील पिपरीन घ्या. त्याच्या वजनाचा ४.९ टक्के भाग नत्र आहे. मिऱ्यांत पिपरीन सहा टक्के धरले, तर तेवढ्यावरूनच सुमारे १.८ ग्रॅम ‘प्रथिन’ लिहिले जाते, ११.५ पैकी जवळजवळ सहावा हिस्सा. मिरचीतील कॅप्सेसिनने असा दोष फार थोडा येतो, कारण त्याचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते. मेथीतील ट्रायगोनेलीन हेही याच जातीचे.

आता या आकड्याचे मान पाहू. एका व्यक्तीस वर्षाला तीन किलो मसाला मिळतो असे समजू. दररोजचे ८.२ ग्रॅम होतात, आणि सरासरी चौदा टक्के प्रथिने धरल्यास १.१५ ग्रॅम. हाच पुरवठा साडेचार किलोंवर गेला तर प्रथिने १.७३ ग्रॅम होतील. आलेखावर ही पन्नास टक्क्यांची वाढ डोळ्यांत भरेल. प्रत्यक्षात ती ०.५८ ग्रॅमची आहे. ६५ किलो वजनाच्या पुरुषास दररोज सुमारे ५४ ग्रॅम प्रथिनांची शिफारस २०२० मध्ये करण्यात आली, हे लक्षात घेता या वाढीचे महत्त्व कळून येते.

पनवेलच्या परिसरात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून ठेवतात. मिरची, धणे, हळद व खडा मसाला हे त्याचे मुख्य घटक. त्याच स्वयंपाकघरात सुकट किंवा जवळा मूठभर घालून कालवणास चव आणतात. वापर मसाल्यासारखा, नोंद मात्र माशांत. वाळलेल्या लहान कोळंबीत शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. म्हणजे दहा ग्रॅम सुकट सहा ग्रॅम देऊन जाते, जे वर उल्लेखिलेल्या संपूर्ण मसाल्याच्या पाचपटीहून अधिक आहे. ब्राह्मणी घरातील मेतकुटाचे असेच. चवीपुरते वाढले जाणारे ते पूड-मिश्रण मुख्यतः डाळी व तांदूळ यांचे बनलेले असल्याने ताळेबंदात मसाल्यांकडे वळतच नाही. गोडा मसाल्यातील तीळ व खोबरेही तेलबियांच्या खात्यात जमा होतात.

या भागातील खरा प्रथिनाधार मसाला नसून वाल होय. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो रब्बीत येतो, आणि त्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. वर काढलेली ०.५८ ग्रॅमची वाढ अडीच ग्रॅमांहूनही कमी वालात मिळून जाते. भाताच्या प्रथिनांत लायसिन तोकडे पडते. वाल ती उणीव भरून काढतो. खारजमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताच्या क्षारसहिष्णु जाती दिल्या आहेत, परंतु १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून नव्या मुंबईसाठी व पुढे विमानतळासाठी भातजमिनी गेल्या, आणि भाताचे खाचर गेले की त्यामागचा वालही जातो. मसाल्याच्या रकान्यातील चढत्या रेषेत या घटीची नोंद होणे शक्य नाही.

म्हणून पनवेलमध्ये आहारपाहणी करावयाची झाल्यास घरचा वर्षाचा मसाला कुटताना घटक वेगवेगळे तोलावे लागतील, सुकट व मेतकूट यांची नोंद स्वतंत्र ठेवावी लागेल, आणि जेवणानंतर ताटात उरलेला खडा मसालाही वजा करावा लागेल. मिऱ्यांसाठी एकूण नत्रातून पिपरीनचे नत्र वगळूनच गुणाकार करावा लागेल.