‘आपला’ आणि ‘त्यांचा’ : खेळाडूचे संघांतर व चाहत्याची भाषा

आवडता खेळाडू प्रतिस्पर्धी संघास जाऊन मिळाला म्हणजे चाहत्यास जो क्षोभ होतो, त्याचा विचार बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने केला जातो. तथापि या भावनेचा बराचसा उलगडा चाहत्याच्या भाषेतून, विशेषतः त्याच्या सर्वनामांतून होऊ शकतो.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपात श्रोता वगळला जातो. ‘आपण’ या रूपात तो सामावला जातो. तमिळ, तेलुगू व गुजराती या भाषांतही हा भेद आहे. हिंदीत तो नाही. सामना संपल्यावर मंगळवेढ्याचा चाहता सोबत्यास ‘आपण जिंकलो’ असे सांगतो, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये तो स्वतः व सोबती यांच्याबरोबरच मुंबईचे अकरा खेळाडूही असतात. मात्र या समावेशाची त्या खेळाडूंना वार्ताही नसते.

पूर्वी गावच्या पैलवानाविषयी ‘आपला’ हा शब्द वापरला जाई, तेव्हा त्यास प्रत्यक्ष व्यवहाराचा आधार होता. पैलवान त्याच गावात राही, तेथील तालमीत घुमे, आणि जत्रेच्या फडात त्याच गावाच्या नावाने उतरे. 2008 साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये खेळाडू लिलावाने वा करारान्वये संघात येतो. वानखेडे मैदानापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मंगळवेढ्याच्या चाहत्यापाशी त्या संघाची ना मालकी असते, ना सभासदत्व. ‘आपला’ हा शब्द एवढाच त्याचा वाटा. खेळाडू गेला म्हणजे नेमका हा वाटाच हिरावला जातो. म्हणून हानी क्षुल्लक दिसली तरी वेदना खरी असते.

या वेदनेस क्रियापदे दिशा देतात. ‘तो विकला गेला’ या कर्मणी रचनेत खेळाडूकडे कर्तृत्व राहत नाही. ‘पुण्याने त्याला घेतले’ या रचनेत ते संघाकडे जाते. ‘तो सोडून गेला’ असे म्हणताच सारा दोष त्याच्यावर येतो. 2022 साली कबड्डीपटू फझल अत्राचली यू मुंबा सोडून पुणेरी पलटणकडे आले, ते 1 कोटी 38 लाख रुपयांच्या बोलीने. या एकाच घटनेचे वर्णन वरील तिन्ही प्रकारे करता येते. संतप्त चाहता तिसरा प्रकार निवडतो, आणि मग ‘फुटला’, ‘फितूर’, ‘गद्दार’ हे युद्धाच्या व राजकारणाच्या परिभाषेतील शब्द ओघानेच येतात. बाजारातील व्यवहारावर इमानाची परिभाषा लादली जाते.

हार्दिक पंड्या यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 2015 ते 2021 ते मुंबईकडून खेळले. 2022 साली त्यांच्या नेतृत्वाखाली गुजरातने विजेतेपद मिळवले. 2023 च्या नोव्हेंबरात ते मुंबईस परतले आणि डिसेंबरात, पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्मा यांच्या जागी, कर्णधार झाले. 24 मार्च 2024 रोजी अहमदाबादेत आणि 1 एप्रिल रोजी वानखेडेवर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. अहमदाबादेच्या दृष्टीने ते ‘आपल्यां’तून बाहेर पडलेले होते, मुंबईच्या दृष्टीने ते परतले असले, तरी ‘आपल्या’ रोहितच्या जागी बसलेले होते. ‘आम्ही-आपण’ हा भेद पाळणाऱ्या दोन भाषांच्या प्रदेशांत एकच मनुष्य एका आठवड्याच्या अंतराने परका ठरला.

त्याच वर्षी 29 जून रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक पंड्या यांनी टाकले व भारताने 7 धावांनी विजय मिळवला. 4 जुलै रोजी वानखेडेवर झालेल्या सत्कारसमारंभात प्रेक्षकांनी त्यांच्याच नावाचा गजर केला. मैदान तेच होते. ‘आपण’ची कक्षा मात्र शहरापासून देशापर्यंत विस्तारली होती.

यावरून चाहत्याची निष्ठा खोटी ठरत नाही. परंतु ‘आपण’ची सीमा बोलणारा स्वतः आखतो व प्रसंगानुसार हलवतोही, हे यातून स्पष्ट होते. त्या सीमेच्या आत राहण्याचे वचन खेळाडूने कधी दिलेले नसते. म्हणून त्याच्या जाण्याचे दुःख करण्याचा अधिकार चाहत्यास निःसंशय आहे. न दिलेल्या वचनाच्या भंगाबद्दल त्यास भर मैदानात अपमानित करण्याचा अधिकार मात्र त्या दुःखातून निष्पन्न होत नाही.