ओळ म्हणजे मासा नव्हे

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरलेल्या मासळीचा अभ्यास करायचा, तर नोंदी कधी ना कधी संगणकात चढतातच. तारीख, बंदर, होडीचा प्रकार, जाळे, माशाचे नाव, वजन असे रकाने आणि त्याखाली शेकडो ओळी. प्रकल्प करणारा विद्यार्थी असो की सोसायटीचा कारकून, पुढची पायरी ठरलेली असते: नावांचा क्रम लावायचा आणि कुठला मासा किती वेळा आला ते मोजायचे. एक्सेल, आर, एसपीएसएस यांपैकी कशालाही हे काम क्षणाचे. इतक्या सोप्या कामात चुकायचे काय, असे वाटते आणि तिथेच फसगत होते. सॉफ्टवेअर मासे मोजत नाही, ओळी मोजते. एक ओळ म्हणजे काय, हे बंदरावर वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाने आधीच ठरवलेले असते. या विषयातले बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्यामुळे होतात.

पहिला गैरसमज तुलनेने निरुपद्रवी आहे: मोजण्याआधी क्रम लावलाच पाहिजे. हाताने काम करताना सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करून मग मोजायची सवय असते, त्यातून तो आला असावा. काही साधनांनी त्याला खतपाणीही घातले. युनिक्समधली ‘युनिक’ ही आज्ञा लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच एकत्र धरते, त्यामुळे तिच्याआधी क्रम लावावाच लागतो. पण एक्सेलची पिव्होट टेबल किंवा आरमधले ‘टेबल’ यांना त्याची गरज नाही. नोंदी कशाही पडलेल्या असल्या तरी उत्तर तेच येते. उलट अनावश्यक क्रमवारीच घात करू शकते. फक्त नावांचा रकाना निवडून त्याचा क्रम लावला आणि ‘निवड वाढवायची का’ या एक्सेलच्या प्रश्नाला घाईत नकार दिला, तर नावे हलतात आणि वजने जागेवरच राहतात. सुरमईचे वजन पेडव्यांच्या नावावर चढते. कुठे लाल खूण उमटत नाही, बेरीजही जुळते. आरमध्येही एका रकान्यावर ‘सॉर्ट’ चालवून उत्तर त्याच जागी ठेवले की हेच घडते. पूर्ण ओळी हलवायच्या तर ‘ऑर्डर’ वापरावे लागते.

डोळ्याला सारखे दिसते ते संगणकालाही सारखेच, हा दुसरा समज मराठीत नोंदी करणाऱ्यांना विशेष महाग पडतो. ‘ऑगस्ट’मधला ‘ऑ’ एकाच चिन्हाने टाइप होतो, तसाच ‘आ’वर वेगळा चंद्र देऊनही होतो. पडद्यावर फरक जेमतेम दिसतो, पण तक्त्यात ऑगस्ट दोनदा येतो. ‘सुरमई’च्या शेवटी चुकून रिकामी जागा सुटली की तीही वेगळी जात ठरते. क्रमाचेही तसेच. युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे क्रम लावला तर ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णक्रमात तो ‘ह’नंतर. महिन्यांची नावे अक्षरांप्रमाणे लावली तर जानेवारीनंतर जुलै आणि त्यानंतर जून. कालक्रम हवा असेल तर तो आपणच सांगावा लागतो. आकडे मजकूर म्हणून भरले असतील तर दहा हा दोनच्या आधी बसतो. हे सगळे निस्तरता येते. पण ‘सुरमई’ आणि ‘इसवण’ एकच, हे कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार? ‘तारली’ आणि ‘पेडवे’ एकत्र धरायचे की वेगळे, हा निर्णय मासळी ओळखणाऱ्याचाच.

खरी मेख मात्र पुढे आहे. जास्त वेळा आले ते जास्त, हा समज इतका स्वाभाविक वाटतो की त्यावर शंकाही येत नाही. समजा, एका सकाळी २० छोट्या होड्यांनी बांगड्याची प्रत्येकी एक पाटी उतरवली, पाटीत २५ किलो. त्याच सकाळी एका पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याच्या) नौकेने २ टन तारली आणली. ओळी मोजल्या तर बांगडा २०, तारली १. वजन पाहिले तर बांगडा ५०० किलो आणि तारली २,००० किलो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत. किती होड्यांना बांगडा लागला, हे पारंपरिक मच्छीमाराच्या दृष्टीने महत्त्वाचे. बर्फ किती लागेल, हे वजनावरून ठरते. पर्ससीन आणि पारंपरिक मासेमारीचा वाद या किनाऱ्यावर जुना आहे. तिथे यातला एकच तक्ता पुढे करणे म्हणजे नकळत बाजू घेणे. त्यात पिव्होट टेबलची एक खोड: वजनाच्या रकान्यात कुणी ‘अंदाजे ३०’ असे लिहिले असले, तर ती बेरजेऐवजी नोंदींची संख्या दाखवते. वरचे शीर्षक न वाचता तोच आकडा किलो म्हणून अहवालात जातो.

शिवाय एक ओळ पुष्कळदा एकाच होडीची नसते. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावरील मासळीचा अंदाज नमुना पाहणीतून काढते. केंद्रे आणि दिवस दोन्ही निवडलेले असतात. निवडलेल्या केंद्रावर १५ किंवा त्याहून कमी नौका आल्या तर सगळ्यांची नोंद होते, जास्त आल्या तर काहींचीच, आणि मग त्या प्रमाणात अंदाज वाढवला जातो. गर्दीच्या दिवशी नोंदलेली एक नौका इतर अनेकींच्या वतीने बोलत असते. शांत दिवसाची फक्त स्वतःच्या. दोन्ही ओळी सारख्याच मोजल्या तर गर्दीचे बंदर लहान दिसेल. एसपीएसएसमध्ये प्रत्येक नोंदीला भार देण्याची सोय आहे, आरमध्येही आहे, पण भार किती हे पाहणीची रीत ठाऊक असलेल्यानेच सांगायचे.

तक्त्यात नाही म्हणजे शून्य, हाही असाच समज. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या महिन्यांच्या ओळीच नसतील तर तक्त्यात मेनंतर थेट ऑगस्ट येतो. मासे नव्हते, बंदी होती, की नोंद घेणारा आला नाही? तिन्हींसाठी एकच मौन. नोंद अर्धवट असेल तर आरचे ‘टेबल’ मुद्दाम सांगितल्याशिवाय ती दाखवतही नाही. २०० नोंदींपैकी ५० ठिकाणी माशाचे नाव नाही आणि ६० ठिकाणी बांगडा आहे असे धरा. बांगड्याचा वाटा ३० टक्के की ४० टक्के? एसपीएसएस दोन्ही शेजारी-शेजारी छापते; लोक बहुधा आपल्याला सोयीचा उचलतात.

यावर दोन आक्षेप येतील. एक, मग हातानेच मोजलेले बरे. तसे नाही. हाताच्या मोजणीत याच चुका होतात, फक्त त्यांचा माग राहत नाही. आरमध्ये आज्ञा लिहून ठेवल्या तर कोणती नावे एकत्र केली, कुठल्या ओळी गाळल्या, हे दुसऱ्याला तपासता येते. सॉफ्टवेअरही डोळे मिटून वापरायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. आलेल्या नोंदी आणि तक्त्याची एकूण बेरीज ताडून पाहायला काही मिनिटे लागली असती.

दुसरा आक्षेप असा की हजारो नोंदींत पाच-दहा चुकांनी काय बिघडते? बांगड्याचे काहीच बिघडत नाही. पण घोळ मासा वर्षभरात चारच वेळा नोंदला गेला, त्यात दोनदा ‘घोळ’ आणि दोनदा ‘घोल’ असा, आणि तीनपेक्षा कमी नोंदींच्या जाती ‘इतर’मध्ये टाकायच्या असा नियम केला, तर तो मासा त्या वर्षीच्या तक्त्यातून नाहीसा होतो. दुर्मीळ झालेल्या जाती शोधायला निघालेल्या अभ्यासकाला नेमक्या याच चार ओळी हव्या असतात.