सोयाबीन आपलं, चव कोरियाची

दसरा-दिवाळीच्या सुमारास जळगाव जामोदच्या बाजार समितीत सोयाबीन उतरू लागतं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी दोनच प्रश्न असतात: ओल किती आणि भाव काय. चवीचं कोणी विचारत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा हा पट्टा कपाशीच्या जोडीला वर्षानुवर्षं सोयाबीन पेरतो. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण तर शेतकऱ्यांच्या तोंडी नुसतं 'तीनशे पस्तीस' होऊन बसलं. पण घरोघरच्या ताटात हा दाणा जवळजवळ दिसतच नाही. तो मिलमध्ये जातो. त्यातलं अठरा-वीस टक्के तेल काढून घेतात. उरलेली ढेप, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी, प्रथिनांनी ठासून भरलेली असते आणि ती बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आपण पिकवलेलं सोयाबीन आपण खातो ते फोडणीच्या तेलात, नाहीतर कोंबडीच्या मार्फत.

आणि हाच दाणा कोरियात एका अख्ख्या खाद्यसंस्कृतीचा पाया आहे! तिथल्या स्वयंपाकघरातून सोयाबीन काढून घेतलं तर रस्सा, चटणी, मुरवण, भाजलेल्या मांसासोबतचं तोंडीलावणं, सगळं एका दिवसात बेचव होईल.

हे मला पुस्तकातून नाही, पुण्यातल्या एका कोरियन उपाहारगृहात कळलं. पुण्यात अशी उपाहारगृहं का निघाली याचं उत्तर कारखान्यांत आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचं पोलाद तयार होतं. अशा कारखान्यांबरोबर कोरियन अभियंते येतात, त्यांची कुटुंबं येतात, आणि त्यांना रोज संध्याकाळी घरच्यासारखं जेवण लागतं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला ह्युंदाईची पहिली सँट्रो १९९८ मध्ये बाहेर पडली. त्यानंतर त्या शहरात कोरियन खानावळी कशा वाढत गेल्या, हे तिथे राहिलेला कोणीही सांगेल. अशा ठिकाणी जेवण भारतीय जिभेसाठी बदललेलं नसतं, कारण ते मुळात आपल्यासाठी शिजवलेलंच नसतं. नव्याने चव घेणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

टेबलावर आधी येतात त्या छोट्या-छोट्या वाट्या. किमची म्हणजे तिखट-मीठ लावून मुरवलेला कोबी, मोड आलेल्या कडधान्याची कोशिंबीर, तिळाच्या तेलात परतलेला पालक, गोडसर बटाटा. यांना बांचान म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे बहुधा लागत नाहीत आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. मग जाड काळ्या मातीच्या भांड्यात रटरट उकळतच आली द्वेनजांग-जिगे. तपकिरी, गढूळ रस्सा, त्यात टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे चौकोन, भोपळ्याच्या फोडी, कांदा, एखादी हिरवी मिरची. दिसायला काहीच विशेष नाही. पहिल्या घोटाला एक उग्र, जुनाट वास नाकात शिरतो आणि त्याच्या मागोमाग जिभेवर खोलवर पसरणारी चव येते. मटणाचा रस्सा तासन्‌तास उकळला की उतरते तशी भरदार. पण ही चव मांसाची नव्हे, सोयाबीनच्या दाण्याचीच. (मात्र रश्शाचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या मासळीचं असतं. त्याबद्दल पुढे.)

एवढी चव दाण्यात येते कुठून? कच्चं सोयाबीन चावून पाहिलं असेल त्याला त्याचा हिरवट, कडवट वास माहीत आहे. दाणा फुटला की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं विकर तेलावर काम करतं आणि तो वास तयार होतो. प्रथिनं पचू न देणारे घटकही त्यात असतात. 'दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन दळून घ्या' हा सल्ला आपल्याकडे कितीतरी वर्षं दिला गेला. तो फारसा टिकला नाही, यात नवल नाही. कोरियाने या दाण्यावर वेगळा इलाज शोधला: नीट शिजवा आणि मग सूक्ष्म जीवांच्या हवाली करा.

शिजवलेलं सोयाबीन कुटून त्याच्या विटा थापतात. त्यांना मेजू म्हणतात. हिवाळ्यात या विटा भाताच्या पेंढ्याने बांधून टांगून ठेवतात. पेंढा नुसता दोरीच्या कामाचा नसतो. त्यावर बॅसिलस सबटिलिस नावाचे जिवाणू असतात, ते विटेत उतरतात. हवेतल्या बुरशी येतात, त्यात अ‍ॅस्परजिलस प्रमुख. आठवडेच्या आठवडे ही मंडळी प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या तोडत राहतात. साखळी तुटली की अमिनो आम्लं सुटी होतात आणि त्यांतलं एक असतं ग्लुटामिक आम्ल. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून हेच वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. मटणाच्या रश्शातली भरदार चवही याच उमामीची. सोयाबीनच्या प्रथिनात ते भरपूर असतं, फक्त बांधलेलं असतं. जिवाणू त्याला मोकळं करतात.

पुढचं काम मीठ आणि वेळ करतात. विटा धुऊन मिठाच्या पाण्यात बुडवतात, वरून कोळसा आणि वाळलेल्या मिरच्या टाकतात. रांजण मातीचे असतात, त्यांना ओंग्गी म्हणतात. त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपत नाही, पण हवा सूक्ष्मपणे आत-बाहेर होते. दीड-दोन महिन्यांनी गाळलं की वरचं काळसर पाणी म्हणजे कांजांग, कोरियाचा सोया सॉस. खाली उरतं ते द्वेनजांग, आणि ते आणखी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं मुरतं. एका विटेतून दोन पदार्थ निघतात आणि वाया काहीच जात नाही. तिसरा भाऊ गोचुजांग: मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनचं पीठ, सातूचे माल्ट आणि मीठ. ही सगळी मुरवण्याची परंपरा डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. घरोघर मिळून किमची घालण्याची प्रथा, किमजांग, तिथे २०१३ पासूनच आहे. किमचीसाठी कोरियन घरांत वेगळा फ्रीज असतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. मुरवणाच्या तापमानासाठी खास यंत्र घरात आणणारा समाज किती मनापासून जेवत असेल!

मिरचीचं तर वेगळंच नवल. कोरियन जेवण म्हणजे लालभडक, हे आज गृहीत धरलं जातं. पण मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली आणि साधारण त्याच शतकाच्या शेवटी जपानमार्गे कोरियात पोचली. १६१४ च्या 'जिबोंग युसल' या कोरियन ग्रंथात तिची नोंद आहे. म्हणजे ठेच्यातली मिरची आणि किमचीतली मिरची एकाच पाहुणीच्या दोन शाखा. फरक आहे तो वापरात. कोरियन मिरची पूड, गोचुगारू, जाडसर असते, बिया काढून केलेली असते, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. आपला ठेचा आग लावतो. गोचुगारू आधी गोड लागते, मग हळूहळू चढते.

आता मिश्रणाविषयी. 'कोरियन फ्यूजन' हा आजच्या इन्स्टाग्रामचा खेळ आहे असं वाटत असेल, तर १९५३ कडे पाहावं. मिश्रणाआधी त्याच वेळची आपली एक गोष्ट: कोरियन युद्ध थांबलं तेव्हा हजारो युद्धकैद्यांना मायदेशी जायचं नव्हतं. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांची राखण करायला भारताची 'कस्टोडियन फोर्स' गेली. तिचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. म्हणून त्यांना जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरने दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथल्या त्यांच्या छावणीचं नाव होतं 'हिंद नगर'. एका मराठी सेनापतीने कोरियाची ती थंडी आणि तो तणाव फेब्रुवारी १९५४ पर्यंत सांभाळला, हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

त्याच वर्षांत, त्या पट्ट्यापासून फार दूर नाही अशा उइजंगबू गावात एक रस्सा जन्मला. अमेरिकन छावण्यांतून बाहेर पडलेलं डबाबंद मांस, सॉसेज, घेवड्याचे दाणे भुकेल्या लोकांनी किमची आणि गोचुजांगमध्ये उकळले. बुदे-जिगे, म्हणजे छावणीचा रस्सा. पुढे १९६३ मध्ये साम्यांग कंपनीने कोरियाचे पहिले पाकीटबंद नूडल्स, रामयॉन, आणले आणि तेही त्यात पडले. आज हा पदार्थ तिथे आवडीने आणि अभिमानाने खातात. त्याचा परका माल चवीला कोरियनच झाला, याचं कारण एकच: खाली द्वेनजांग-गोचुजांगचा, किमचीचा पाया पक्का होता.

ही कसोटी मी आपल्याकडच्या 'कोरियन'ला लावून पाहतो. आता त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. नांदुरा-खामगावकडच्या एखाद्या बऱ्या किराणा दुकानातही 'कोरियन' चवीच्या नूडल्सचं पाकीट दिसतं. मॅगीनेही ती चव आणली. पोरं मोबाइलवर कोरियन मालिका पाहतात, त्यातले लोक सुरसुर करत नूडल्स ओढतात, मग तीच हवीशी वाटतात. साम्यांगचंच बुल्दाक २०१२ मध्ये आलं आणि तिखट सोसण्याची जगभर पैज लागली. २०२४ मध्ये डेन्मार्कने त्याचे काही प्रकार अति तिखट म्हणून दुकानांतून परत मागवले होते! ही मजा मला मान्य आहे. पण गाडीवरच्या 'कोरियन' सॉसमध्ये बहुधा केचप, तिखट, साखर आणि सोया सॉस असतो. मुरवण त्यात नसतं. मंचुरियनच्या वाटेनेच हे चाललं आहे आणि चालू द्यावं, पण ही कोरियाची चव नव्हे.

खरं मिश्रण कुठे होऊ शकेल, ते मला आपल्या वाळवणात दिसतं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, आंबवून, वाटून चीक काढतो आणि तो शिजवतो. तो गरम चीक तिखट-तेल घालून खाल्लेला कोणीही तोकबोक्कीचा पहिला घास ओळखीने खाईल. तोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या बोटभर जाड, चिवट कांड्या, गोचुजांगच्या रश्शात शिजवलेल्या. दोन्हीकडे चमत्कार स्टार्चचाच: उष्णतेने तो पाणी पिऊन फुगतो. कोरियन माणूस मग तो कुटून-दाबून आणखी चिवट करतो. आपल्या इंद्रायणीसारख्या चिकट तांदळावर कोणीतरी हा प्रयोग करायला हवा.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना, आणि ती मनावर घ्या. नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो. रश्शाचं पाणी सुकवलेल्या मासळीचं असू शकतं, नूडल्सच्या मसाल्यात गोमांसाचा अंश असू शकतो. विचारल्याशिवाय काही खाऊ नये. पण कोरियाच्या बौद्ध मठांतलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. बेकयांग मठाच्या भिक्षुणी जंग क्वान यांच्या साध्या स्वयंपाकाने जगभरच्या आचाऱ्यांना मोहून टाकलं आहे. त्यांच्या चवीचा आधारही तेच मुरवलेलं सोयाबीन.

आता परत आपल्या शिवारात. कोरियात सोयाबीनचा एक झटपट प्रकार आहे, चोंगगुकजांग. शिजवलेले अख्खे दाणे पेंढ्यासोबत साधारण ४० अंशांच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवायचे. दाण्यांना तार सुटली, उग्र वास आला की झालं. कोरियाच्या थंडीत ही ऊब मुद्दाम राखावी लागते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ती सावलीतही फुकट मिळते! हे परकं आहे असंही नाही. सिक्कीमचा किनेमा, नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार ही याचीच भावंडं. भारतात ही विद्या आहे, फक्त सर्वाधिक सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात ती नाही. अनोळखी बुरशी विषारीही असू शकते, म्हणून घरी अंदाजाने कोणी करू नये. योग्य जिवाणू, मोजलेलं तापमान आणि तपासणी हवी.

२०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि तरी शेतकरी भावाच्या चिंतेत राहिला. भाव सरकारने आणि बाजाराने सुधारावा, ही मागणी रास्तच आहे. पण दाण्याला घरात दुसरी वाट मिळावी, हेही आपणच मागायला हवं. जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी परिसरातल्या बचत गटांच्या बायांना घेऊन सोयाबीन आंबवण्याचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण सुरू करावं. ईशान्येतल्या जाणत्या बायांना शिकवायला बोलवावं आणि तयार मालाची तपासणी अकोल्यात करून द्यावी. आणि आपल्यापैकी कोणी पुण्याला मुलाकडे-मुलीकडे गेलं, तर एकदा लाल नूडल्स बाजूला ठेवून ती तपकिरी द्वेनजांग-जिगे मागवा. शाकाहारी असाल तर पाणी कशाचं आहे, तेवढं आधी विचारा.