पळ्ळत्तीची सव्वादोनशे वर्षं

उजनीकाठी चिलापी मिळते, गोव्याच्या बाजारात कालुंदर. दोन्ही मासे सिक्लिड कुळातले. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्याकडे आणलेली, तर कालुंदर इथलाच. याच कुळातला आणखी एक देशी मासा जेमतेम आठ सेंटिमीटरचा. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत नदीनाल्यांपासून खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत तो राहतो. केरळात त्याला पळ्ळत्ती म्हणतात. आपल्याला मात्र तो फिशटँकच्या दुकानात 'ऑरेंज क्रोमाइड' म्हणून भेटतो, परदेशी पाहुण्यासारखा.

बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी १७९५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, तीही समुद्रातल्या फुलपाखरू-माशांच्या गटात. अंग चपटं नि उभट, त्यामुळे गफलत समजण्यासारखी. पुढे गट बदलले, नावं बदलली. ग्रंथांतून हा मासा राहिला तो मुख्यतः काटे आणि खवले मोजण्यापुरता.

त्याचा संसार नीट उलगडला १९६० नंतर. नर-मादी मिळून दगड किंवा बुडालेलं लाकूड साफ करतात, त्यावर दोनेकशे अंडी बारीक देठांनी चिकटवतात. एक जण परांनी पाणी हलवत राहतो, दुसरा राखण करतो. या दिवसांत दोघांचीही पोटाकडची बाजू काळी पडते. पाचेक दिवसांत अंडी फुटली की पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात नेली जातात, तिथून दुसऱ्या खळग्यात. पोहायला लागलेली पिल्लं पांगली, तर आईबाप पोटाखालचे पर फडफडवतात आणि थवा पुन्हा जवळ येतो.

जॅक वॉर्ड आणि जॉर्ज बार्लो या अमेरिकन संशोधकांनी १९६७ मध्ये याच पिल्लांच्या एका खोडीवर सविस्तर लिहिलं. पिल्लू आईच्या किंवा बापाच्या कुशीला ढुशी देतं आणि झटक्यात बाजूला होतं. बघणाऱ्याला वाटावं, दंगामस्ती चाललीय. प्रत्यक्षात ते आईबापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खात असतं. दूध नसलेल्या प्राण्याने अंगावर पाजण्याची काढलेली ही युक्ती, आणि त्यात बापाचाही निम्मा वाटा!

१९७२ मध्ये रिचर्ड वायमन आणि वॉर्ड यांनी आणखी एक गंमत नोंदवली. पळ्ळत्ती थोराड कालुंदराचे पर नि अंग टोचून साफ करते, आणि कालुंदर मुकाट उभा राहतो. मग हे दोघे संशोधक श्रीलंकेच्या खाड्यांत गेले. तिथे दिसलं की तीच पळ्ळत्ती कालुंदराची अंडी-पिल्लंही फस्त करते. अशा शेजाऱ्याला काय म्हणावं?

दुकानातला मासा आता सहसा पिवळाधमक असतो. रानातल्या माशाच्या कुशीवरचा काळा डाग निवडक पैदाशीत पुसला गेला. मला तो डागासकटच आवडतो. वीण मात्र टँकमध्येही होते. निव्वळ गोड्या पाण्यात अंड्यांना बुरशी लवकर धरते, म्हणून जाणकार थोडं मीठ घालतात. पिल्लं वाचवायची म्हणून काही जण अंड्यांचा दगडच उचलून दुसऱ्या टँकमध्ये ठेवतात. पिल्लं वाचतात, पण ती ढुशी बघायची राहून जाते.